नसलेल्या मॅग्नेटोची चौकशी

जुनं इंजिन विकणारा माणूस खोटं बोलतोय, असं धरूनच मी बोलणं सुरू करतो. त्याने कितीही शपथा घेतल्या तरी माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे नसतं, नटांकडे असतं. नटाच्या कडा ताज्या घासलेल्या दिसल्या की समजायचं, कोणीतरी पाना लावलाय. पाना लावलाय म्हणजे काहीतरी काढलंय. बायको म्हणते, ह्यांना देवाने डोळे दिले ते फक्त संशय घ्यायला. तिचं फारसं चुकत नाही.

डोलवीच्या कंपनीत मी फिटर होतो. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, मी भंगार गोळा करायला लागलो. पेणला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. त्यात पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी पंपांची इंजिनं आहेत, एक पेट्रोलची करवत आहे, आणि दोन हातांनी धरूनही मनगट पिरगाळणारं बिडाच्या अंगाचं एक ड्रिल आहे. शेजारी गणपतीचा कारखाना. त्यांची पांढरी धूळ माझ्या कार्बोरेटरमध्ये जाते म्हणून मी भांडतो, आणि माझा धूर त्यांच्या रंगावर बसतो म्हणून ते भांडतात. ती धूळ मुद्दाम माझ्या दिशेला झटकतात असा माझा बरीच वर्षं समज होता. अजूनही थोडा आहे.

या धंद्यात मी स्वतःसाठी दोन नियम केले होते. पहिला, आपल्या हातात आलेल्या प्रत्येक भागावर आडबाजूला तीन ठिपके मारायचे. त्यासाठी खिशात एक छोटा पंच असतो, हातोडी लागत नाही, नुसता दाबला की टक् करून ठिपका पडतो. म्हणजे उद्या कोणी भाग बदलला तर कळतं. दुसरा नियम असा, की जो भाग जागेवर नाही, त्याबद्दल मालकाला चकार शब्द विचारायचा नाही. विचारलं की त्याला कळतं, या लोखंडात काहीतरी दम आहे. मग तो विकायचाच बंद होतो. तेव्हा चेहरा कोरा ठेवायचा, टेम्पोत टाकायचं आणि निघायचं.

हे दोन्ही नियम फक्त एका माणसाला लागू नव्हते. रोह्याचे दादा. वय सत्तरीच्या पुढे, पंपदुरुस्तीचं जुनं दुकान घरातच. मॅग्नेटोची कॉइल ते हाताने गुंडाळत. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय इंजिनाला ठिणगी देणारी डबी. ती गेली की इंजिन म्हणजे नुसता वजनाचा दगड. आमची वाटणी ठरलेली होती, लोखंडाचं काम पेणला माझ्याकडे आणि ठिणगीचं काम रोह्याला त्यांच्याकडे. बारा वर्षं आम्ही पार्ट पिशवीत घालून गाडीने जा-ये केली. साऱ्या जगात तेवढ्याच एका माणसाकडे पाठ करून मी निर्धास्त उभा राहत असे. हे मी त्यांना कधी बोललो नाही, पण माझ्यासारख्या माणसाला ती केवढी चैन होती ते मलाच ठाऊक.

परवाच्या श्रावणात दादांचा फोन आला. जिते गावाच्या पुढे खाडीकडच्या एका गावात मिठागरावरचं जुनं विलायती इंजिन आहे म्हणाले. "मी जाऊन आलो. बाई घरात नव्हती. गोणपाट उचलून एका बाजूनं बघितलं. चांगला माल हाय, तू जाऊन घेऊन ये."

दोन दिवसांनी मी गेलो. धो धो पाऊस होता. म्हातारी एकटीच राहत होती. नवरा मिठागरावर पाणी खेचायचा, त्याला जाऊन बरेच पावसाळे झाले होते. मिठागरही बंद पडलं होतं. पडवीत भिंतीला लावून ते इंजिन उभं होतं. मी हँडल फिरवून पाहिलं, आणि दाब असा लागला की हात मागे आला. खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्षं उभं राहूनही पिस्टन मोकळा होता. मग मी भिंतीकडच्या बाजूला हात घातला, आणि मॅग्नेटोची जागा रिकामी लागली.

वाकून पाहिलं. मॅग्नेटो काढून त्याचे दोन्ही बोल्ट पुन्हा आपापल्या भोकात बसवलेले होते, ग्रीस लावून. भंगारवाला बोल्ट परत बसवत नाही, तो फेकून देतो. ग्रीस लावून बोल्ट जागेवर ठेवणारा माणूस हाडाचा कारागीरच असणार. आणि दोन दिवसांपूर्वी, बाई घरात नसताना, इथे कोणता कारागीर येऊन गेला होता?

नियमाप्रमाणे मी म्हातारीला काही विचारलं नाही. चेहरा कोरा ठेवला. तिने सौद्याची घासाघीस केलीच नाही. एवढंच म्हणाली, "चालू झाला ना, की एकदा मना आवाज आयकवा. ह्यांचा इंजिन गावात सगल्यात आधी उठायचा." मी हो म्हटलं आणि इंजिन टेम्पोत चढवलं. ती दारात उभी राहून काहीतरी सांगू पाहत होती, पण पत्र्यावरच्या पावसात ऐकू येत नव्हतं आणि मला निघायची घाई होती. जास्त थांबलं की माणसाचं मन बदलतं, हाही माझा अनुभव.

आठवड्याने दादा पेणला आले. इंजिनाभोवती फिरले, वाकले. "मॅग्नेटो नाय?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नजर रोखली.

"म्हातारीला विचारलंस ना?"

"विचारलं," मी ठोकून दिलं. "तिला काही माहीत नाही."

हे खोटं मी का बोललो, हे मी नंतर स्वतःला बऱ्याचदा विचारलं. खरं उत्तर एवढंच, की मला त्यांना पकडायचं होतं. म्हातारीकडून काही कळलेलं नाही असं वाटलं की ते गाफील राहतील, असा माझा हिशेब. दादा फक्त "बरं, बघतो काहीतरी" म्हणाले. ते किती सहज म्हणाले, तेसुद्धा मी त्यांच्या विरुद्ध धरलं.

त्यानंतर मी एका दुपारी न कळवता रोह्याला गेलो. ओळखीच्या कोणाकडे आलो होतो म्हणून डोकावलो, अशी थाप मारली. दादा चहा ठेवायला आत गेले आणि मी भिंतीवरच्या फळीवर हात फिरवायला लागलो. तिसऱ्या डब्यामागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तसाच विलायती मॅग्नेटो होता. तोच आकार, तशीच पितळी पट्टी. हातात धरला तेव्हा राग नाही आला, खरं सांगतो. रडू आल्यासारखं झालं. मग खोकला काढला आणि खोकल्याच्या आवाजात तळाला तीन ठिपके मारले. टक्, टक्, टक्. गुंडाळून जागच्या जागी ठेवला. चहा घेतला, वर दुसरा कपही घेतला.

गणपती झाले, आणि दादा पिशवी घेऊन पेणला आले. पिशवीतून तोच कागदात गुंडाळलेला मॅग्नेटो काढून त्यांनी बाकावर ठेवला. "घे. कॉइल नवी गुंडाळली. ठिणगी अशी पडते की बोट लावशील तर पुढच्या श्रावणापर्यंत आठवेल."

"कुठून आणलात?"

"मिळाला एकाकडं."

मी मॅग्नेटो उलटा केला. तीन ठिपके. बारा वर्षांची ओळख असलेल्या माणसाशी कोणत्या आवाजात बोलावं याचं भान मला राहिलं नाही. "हे ठिपके माझे आहेत, दादा. तुमच्या फळीवर असताना मीच मारलेत, तुम्ही चहा करत होतात तेव्हा. एकाकडं मिळाला म्हणता तो तेव्हाच तुमच्याकडे होता. सरळ सांगा ना, त्या पडवीतून काढलात म्हणून."

दादांनी चष्मा पुढे ओढून ठिपके नीट पाहिले. अंगठ्याने चाचपले. मला वाटलं, आता ओरडतील. मी तर वाटच पाहत होतो, कारण चोर ओरडतो. ते ओरडले नाहीत.

"माझ्या बापाच्या इंजिनाचा हाय तो," ते म्हणाले. "ते इंजिन गेलं, हा राहिला. तसं बोललो असतो तर तू घेतला नसतास." मग पिशवीची घडी घातली. "बसव. बाईला आवाज ऐकव. तूच सांगितलंस, तिला शब्द दिलायस म्हणून."

ते गेटातून स्टेशनच्या दिशेने गेले. मी हाक मारली नाही. बापाचं नाव काढलं की समोरचा गप्प बसतो, हे त्यांना ठाऊक आहे, असाच विचार माझ्या डोक्यात होता. मॅग्नेटो बसला, अगदी मापात. त्याचंही मी म्हटलं, बसणारच, याचाच आहे ना. इंजिन तिसऱ्या हँडलला उठलं आणि माझा संशय पक्का झाला.

दसरा झाल्यावर इंजिन टेम्पोत घालून मी जित्याच्या पुढच्या त्या गावात गेलो. अंगणात उतरवलं, पेट्रोलवर सुरू केलं, तापल्यावर रॉकेलवर घेतलं. आवाज खाडीपर्यंत गेला असेल. आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या. म्हातारी पदर तोंडाला लावून ऐकत उभी होती. बंद केल्यावर जवळ आली, वाकून मॅग्नेटोच्या बाजूला बघायला लागली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"पेटी न्हेलीच नाय तुमी. मग चालला कसा?"

"कसली पेटी?"

ती आत गेली. चुलीवर टांगलेल्या फळीवरून, सुक्या मासळीच्या टोपलीमागून, एक काळंमिट्ट गाठोडं काढून आणलं. फडकं सोडलं तर आत मॅग्नेटो. धुराने कापड काळं झालेलं, पण मॅग्नेटो सुका, लखलखीत, रॉकेलच्या बोळ्याने पुसलेला.

"खाऱ्या हवेत ही पावसात सर्दवते," ती समजावून सांगायला लागली, जणू मी अगदीच नवशिका. "म्हनून पाऊस लागायच्या आधी आमचे हे काढून चुलीवर ठेवायचे, आता मी ठेवते. बोल्ट हरवू नये म्हनून गिरीस लावून जाग्यावर. दसऱ्याला पूजा करून परत लावायची. आमच्याकडं सगल्यांच्या पेट्या अशाच. तुमी आलात तवा पाऊस होता, दिली असती तर भिजली असती. मी दारातून वरडले, दसऱ्याला या, पेटी न्यायला. तुमी मागितलीच नाय."

मागितलीच नाही. खरंच होतं. एक प्रश्न विचारला असता तर तिने बोटाने चूल दाखवली असती. ग्रीस लावून बोल्ट जागेवर ठेवणारा कारागीर म्हणजे त्याच घरातला, मिठात आयुष्य काढलेला माणूस असू शकतो, हे माझ्या डोक्याला शिवलंही नव्हतं. आणि दादांनी तोच प्रश्न मला तोंडावर विचारला होता, तेव्हा मी विचारलं म्हणून थाप मारली होती. मला अंगणात उभं राहवेना. म्हातारी हातात मॅग्नेटो धरून माझ्याकडे बघत राहिली, तिला वाटलं असेल आनंदाने भरून आलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रोह्याला गेलो. दादांच्या बापाचा मॅग्नेटो पिशवीत होता. वाटेत चार वेगवेगळ्या तऱ्हेने माफी मागायची जुळवाजुळव केली. दादा ओट्यावर बसून एका पंपाची रबरं बदलत होते.

"या," ते म्हणाले, "बसा." एरवी ते मला अरे-तुरे करत.

मी आत जाऊन बसलो. सगळं सांगितलं, चुलीपासून थापेपर्यंत. काही लपवलं नाही. "दादा, माझं चुकलं. तुमच्यावर संशय घेतला, तुमच्याच घरात चोरासारखा हात घातला." मॅग्नेटो त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उचलून कागदात गुंडाळला आणि फळीवर ठेवून दिला.

"असू दे," म्हणाले. "होतं असं." राग नव्हता आवाजात. मला केवढं हायसं वाटलं. मी म्हातारीच्या गाठोड्याचं वर्णन करायला लागलो, तेही मान हलवत ऐकत होते. आता हळूहळू सगळं पूर्वीसारखं होईल असं वाटायला लागलं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. कोणी शेतकरी फवारणीचा पंप घेऊन आला होता. दादा उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. मागे वळून त्यांनी आधी फळीकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे तोंड करून सुनेला हाक मारली.

"जरा हितं येऊन बस गो, मी येईपर्यंत."

सून भिजवलेल्या वालांचं ताट घेऊन आली आणि माझ्या समोर बसून वाल सोलायला लागली. मी दोन्ही हात तिला दिसतील असे गुडघ्यांवर ठेवले.