उंबऱ्यातलं घोंगडं

"कॉन्व्हेंटची आहे म्हणे, आणि अंथरुणाला मेंढराचा वास."

न्हाणीघरातून केस पुसत येताना हे ऐकलं. दुसरी म्हणाली, "इंग्रजी मेंढरू असंल." दोघी हसल्या. हसणं संपेपर्यंत मी बाहेर थांबले, मग आत गेले. दोघींनी घाईघाईनं वेण्या घालायला घेतल्या.

परभणीच्या त्या वसतिगृहात आम्ही सगळ्या शिक्षिका व्हायला आलो होतो. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. बाकीच्या मुली उर्दू शाळांतून मराठीत आलेल्या. मी इंग्रजीत शिकले, कारण माझा मामा हैदराबादला मिशनच्या शाळेत पहारेकरी होता आणि मी त्याच्याकडे वाढले. मुलींनी मात्र मला बड्या अंमलदाराची लेक ठरवून टाकलं. मी कमी बोलायची, त्याला त्या तोरा म्हणायच्या. मीही खुलासा केला नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं.

गाव पालमजवळ. घरी मेंढरं. शाळेत गेलेली आमच्यातली मी पहिलीच. सुट्टीत घरी गेले की चुलती हाक मारायची, "मडम आली गं, खाट टाका." सगळ्या बाया खाली बसायच्या आणि खाटेवर मी एकटी. मला वेगळं बसवायची घाई तिकडेही होती आणि इकडेही. मी कुठली, हे मला सोडून सगळे ठरवत होते.

अंथरुणातलं ते घोंगडं मायनं दिलं होतं. लोकर तिनं कातलेली, विणलं सणगरानं. कोऱ्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, दमट हवेत वास सुटतो, वापरून जातो. आमच्याकडे पाहुण्याला बसायला घोंगडंच टाकतात आणि पाय धुतल्याशिवाय त्यावर कुणी पाऊल ठेवत नाही. देवाचं ताटही त्यावरच मांडतात.

पावसाळ्यात एकदा तपासणीसाठी वरिष्ठ बाई येणार होत्या. सकाळपासून झाडलोट चालली होती. मी वर्गातून परतले, तर माझं घोंगडं उंबऱ्यात दुहेरी घालून ठेवलेलं, आणि मुली त्याला चपला पुसून आत जात होत्या. काळ्या मातीचा चिखल पार लोकरीत शिरला होता.

"काळं हाय, चिखल दिसत न्हाई," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात रेक्टरबाई पाहुण्या बाईंना घेऊन दाराशी आल्या. खाली बघून त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?"

अंथरुणाच्या वासावरून बोललेली तीच मुलगी पुढं झाली. "चपराशाचं असंल, बाई," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून तिनं हळूच मान हलवली. तिच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. ती मला वाचवत होती. बाकीच्याही माझ्याकडे बघत होत्या, घोंगडं माझं हे सगळ्यांना माहीत होतं. मी नुसती गप्प राहिले असते, तर त्या संध्याकाळपासून त्यांच्या पंगतीत माझी जागा पक्की होती. वर्षभर मला तेच हवं होतं. गप्प राहायची तर मला सवयच होती.

पण मायचं घोंगडं चपराशाचं म्हणून तिथं पडू द्यायचं, एवढ्या किमतीला मला ती जागा नको होती. आणि चपराशाचं असतं, तरी त्याला चपला का पुसायच्या?

मी वाकले आणि घोंगडं उचललं. व्हरांड्यात जाऊन झटकलं. चिखलाचे शिंतोडे माझ्या पांढऱ्या पातळावर उडाले. परत येऊन मी ते पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाकावर अंथरलं, स्वच्छ बाजू वर करून. रेक्टरबाईंचा चेहरा उतरला होता. मी इंग्रजीत बोलेन असं त्यांना वाटलं असावं, मी तेवढंच बरं बोलते अशी सगळ्यांची समजूत होती.

मी घरी बोलते तसंच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"माझं हाय, बाई. माझ्या मायनं कातलंय. बसा ह्याच्यावर, पन आधी पाय धुऊन या."