ठिपक्यांची रोजनिशी

इत्सुए कातायामाला कधी दाणे निवडायला बसवू नये. देवळाच्या उत्सवात लाल भातासाठी आम्ही एकदा तिच्यापुढे सुपात चवळ्या घालून ठेवल्या. तासाभरात बाईने दोन मुठी निवडल्या! “हा बघ, याच्या पोटावर डाग आहे,” म्हणे. अगं बाई, या वयात डाग आपल्याही पोटावर आहेत, आपल्याला कुणी फेकून दिलं का? पण तिला सांगून उपयोग नव्हता. हातच तसा घडला होता.

एक्कावन्न हिवाळे ती कागदासाठी झाडाची साल निवडत आली. जपानातल्या नियोदो नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव. इथे थंडीत कोझोच्या झुडपांच्या फांद्या तोडतात, वाफवतात, साल सोलतात आणि राखेच्या पाण्यात मऊ शिजवतात. मग ती पांढरी साल वाहत्या गार पाण्यात धरायची आणि तिच्यातला एकेक काळा कण बोटाने वेचून काढायचा. कण राहिला तर तो कागदात ठिपका होऊन बसतो. आमच्या मोरिनोबु मालकांचा कागद जातो जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्यांकडे, आणि ती माणसं ठिपका दिसला की ताव परत पाठवतात. कागद करणाऱ्याचं नाव होतं. निवडणारीचं काम चोख झालं, तर तिथे बघण्यासारखं काही उरतच नाही.

बाविसाव्या वर्षी ती लग्न होऊन आली आणि त्याच हिवाळ्यात पाण्याशी बसली. नऊ वर्षांनी नवरा डोंगरात लाकूड तोडताना गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले तेव्हा ती म्हणाली, “उद्या साल शिजून यायची आहे, मी कशी येऊ?” आणि राहिली. रोज सकाळी कामाला बसण्यापूर्वी ती हौदातल्या पाण्यापुढे वाकायची. “कालचा दिवस निभावून नेलास, उपकार झाले. आजचंही बघ.” पाण्याला, सालीला, एवढंच काय, बुडाखालच्या चपट्या उशीलासुद्धा ती उपकार झाले म्हणायची. आम्ही हसायचो. ती म्हणायची, “हसा. तुम्हाला नवऱ्यांनी पोसलं, मला या पाण्याने.”

कारखान्यात एक रीत होती. ताव वाळला की मोरिनोबु मालक तो उजेडात धरायचे. ठिपका सापडला तर चकार शब्द न काढता बाहेर यायचे आणि इत्सुएच्या जागेसमोरच्या भिंतीवर तो ताव खळीने डकवून निघून जायचे. बस्स. त्यांच्या शिव्या परवडल्या, असं ती म्हणायची. हिवाळ्याला असे तीन-चार ताव. त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही.

आणि गेले दोन हिवाळे भिंतीवर एकही नवा ताव लागला नाही. बाईला काय चढली म्हणता! “दोन वर्षं! एक ठिपका नाही! हे काम शिकवणाऱ्या सासूबाई असत्या तर त्यांनीही हात टेकले असते,” असं ती भाजीवाल्या गाडीपाशी, देवळात, बसच्या थांब्यावर, जिथे माणूस दिसेल तिथे सांगायची. आता मजा बघा. याच दोन वर्षांत तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. साल नाकाला लागेल इतकी जवळ घ्यावी लागत होती. ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. डोळा गेला म्हणजे पाण्याजवळची जागा गेली, आणि जागा गेली की उरलं काय? पण भिंत कोरी होती ना! भिंत कोरी आहे तोवर आपलं सगळं ठीक आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

जानेवारीतली गोष्ट. सालीच्या पेंढ्या बांधायला दोरी हवी म्हणून ती कोठीत गेली. फळीवर कापड झाकलेला गठ्ठा होता. दोरी त्याखाली असेल म्हणून तिने कापड उचललं. कागद होते. वरचा ताव तिने सवयीने दाराच्या उजेडात धरला, डाव्या डोळ्याने पाहिला. ठिपका. दुसरा पाहिला. ठिपके दोन. ती गुडघे टेकून बसली आणि ताव उलटत राहिली. गठ्ठा वीतभर उंच होता.

मालकांची सून मिझुहो मागून आली.

“हे माझे का गं?”

“आजी, बाबांनी बजावलं होतं, तुम्हाला दाखवायचे नाहीत.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

 इत्सुएला लाज आणि राग एकदमच आले. एवढं गावभर मिरवलं आपण, आणि इथे सगळे आपली कीव करत होते! तिने बसायची उशी उचलली, काखेत मारली आणि तडक घरी गेली. जाताना हौदापुढे वाकली तेवढी. ते काही ती विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. रजईने झाकलेल्या बुटक्या मेजाखाली शेगडी पेटवून नुसती बसली. एक्कावन्न वर्षांत या वेळी हात इतके कोरडे कधी नव्हते. ते कुठे ठेवावेत हेच तिला कळेना.

दहाच्या सुमाराला दार वाजलं. मोरिनोबु मालक! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, स्वतःच्या भावाकडेसुद्धा बोलावल्याशिवाय न जाणारा, काखोटीला गाठोडं मारून हा चढ चढून आला होता.

“इत्सुए, आहेस का मेलीस?”

“मेले असते तर बरं झालं असतं. या आत, थंडी घरात शिरतेय.”

मालक शेगडीशी बसले. तिने चहा दिला, वाळवलेलं रताळं पुढे केलं. 

“माझा डोळा गेलाय,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं?”

“तू साल हुंगायला लागलीस तेव्हाच कळलं.”

“मग भिंतीवर ताव का नाही डकवलेत?”

“डकवला असता तर उशी उचलून घरी गेली असतीस.”

“गेलेच की!”

“म्हणूनच नाही डकवला.”

 मालकांनी गाठोडं सोडलं. आत त्या गठ्ठ्यातले ठिपक्यांचे ताव होते, नीट मापात कापलेले. शिवाय भोकं पाडायची आरी, लाकडी हातोडी, मेणाचा दोरा, पर्सिमन फळाचा तुरट रस लावून तपकिरी झालेली दोन जाड पुठ्ठ्यांची पानं, आणि एक जुनी वही.

“नव्या वर्षाची रोजनिशी शिवायची आहे. माझे हात थरथरतात. तू शिव.”

“आंधळीला सांगताय?”

“तुझे हात शाबूत आहेत, माझे डोळे शाबूत आहेत. दोघांत मिळून एक माणूस होतो. घाल घड्या.”

ती कुरकुरत घड्या घालू लागली. आमच्याकडे वहीचं पान दुहेरी असतं. घडी बाहेरच्या कडेला, मोकळ्या कडा शिवणीत. प्रत्येक पान म्हणजे एक बंद पिशवीच. तिसऱ्याच पानावर बोटाला ठिपका लागला आणि तिने नकळत नखाने टोकरला. टर्रकन भोक पडलं.

“अगं ए! कागद आहे तो, साल नव्हे!”

“मेली सवय!” ती ओशाळली. “मालक, निदान डागाची बाजू घडीत आत घालू? चारचौघांत लाज तरी जायची नाही.”

“बाहेरच राहू दे. आणि लाजेचं मला सांगू नकोस. आमच्या वडिलांचा नियम तुला ठाऊक आहे. विकायचा कागद आपण वापरायचा नाही, रोजनिशी लिहायची ती टाकाऊ तावावर. आता टाकाऊ ताव मला मिळाले कधी? हिवाळ्याला तीन, तेही भिंतीवर गेले! पन्नास वर्षं मी वरच्या काळ्या सालीच्या खरबरीत कागदावर लिहितोय. कुंचला अडकतो, शाई फुटते. कुणामुळे? तुझ्यामुळे! या वयात कुठे चांगला कागद नशिबी आलाय, तर बाईसाहेब रुसून बसल्यात.”

 इत्सुए अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं.

हातोडीने पानं ठोकून बसवली. मालकांनी बोट ठेवलं तिथे तिने आरीने भोकं पाडली, चार. सुईत दोरा ओवताना मात्र “वर, खाली, अगं, तुझ्या बाजूला” असा मालकांचा अर्धा तास गोंधळ झाला. पुठ्ठ्याचं माप जुळवायला तिने जुनी वही ओढली आणि सहज उघडली. डोळ्याजवळ धरून वाचू लागली.

बर्फ. पाणी फार गार. इत्सुए आली.

वारा. नदी गढूळ. इत्सुए आली.

ऊन. फळ्या वाळल्या. इत्सुए आली.

पान उलटलं, तेच. शेवटचं पान काढलं, तेच.

“हे काय रोज रोज? मी न येऊन जाणार कुठे?”

“तू आलीस की काम सुरू. म्हणून आधी ते लिहायचं,” मालक दोऱ्याकडे बघत म्हणाले. “जुन्या सगळ्यांत तसंच आहे.”

 इतकी वर्षं ती पाण्याचे उपकार मानत होती. आपलं येणं कुणी रोज लिहून ठेवत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने दोन्ही हात चटईवर टेकले आणि मालकांपुढे वाकली. “उपकार झाले,” एवढंच तिला म्हणता आलं.

“पुरे. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं. मिझुहो तुला खाली शहरात, कोचीला नेईल, तिने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर ती तुझ्या शेजारी बसून शिकेल. हाताला कण कसा लागतो ते तिला अजून कळत नाही.”

शेवटची गाठ मारून तिने वही पुढे सरकवली. मालकांनी खिशातून कुंचला काढला आणि पहिल्या पानावर, दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत, लिहिलं. ती वाचायला वाकली.

कडक थंडी. पाणी निवळ. इत्सुए आली नाही. मी गेलो.

“मी गेलो? पहिल्याच पानावर? लोक फुलं घेऊन येतील!”

मालकांनी पुन्हा कुंचला टेकवला आणि पुढे जोडलं: तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच निघाली, उशी काखेत. कारखान्यात मालक चूल पेटवत होते. फळीवर नवी रोजनिशी उघडी होती. तिने ती डोळ्याजवळ घेतली. आजच्या तारखेखाली ओळ होती: इत्सुए आली. तिने बोट फिरवलं. शाई केव्हाच वाळली होती.

“आणि नसते आले तर?”

“तर पुन्हा तो चढ चढावा लागला असता,” मालक म्हणाले. “घाल हात पाण्यात.”