चिलापीच्या तोंडात: माजलगाव धरणावरचे दोन दिवस

चिलापी मासा धरायला गांडूळ चांगलं की कणीक, यावरून माझं आणि अप्पांचं दोन वर्षं भांडण चालू होतं. अप्पा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. आई गेल्यावर ते पुण्याला माझ्याकडे राहायला आले. आमच्यात राजकारण निघालं की वाद, भाजीतलं मीठ निघालं की वाद. सुखाने बोलता येईल असा एकच विषय उरला होता, गळाने मासे धरण्याचा. तो त्यांनीच मला शिकवलेला, मी तिसरीत असताना, माजलगावच्या कालव्यावर. शेवटी मार्चमधल्या एका शुक्रवारी मी रजा टाकली आणि म्हटलं, चला, तिथेच जाऊन काय तो निकाल लावू.

पुण्याहून नगर, जामखेड, पाटोदा, बीड आणि मग माजलगाव असे आम्ही गेलो. पहाटे निघालं तर दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचता येतं. रस्ता बराचसा चांगला आहे, जामखेडच्या पुढे मात्र उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगावं लागतं. पाटोद्याला चहा-भजी झाल्यावर अप्पा सरकीच्या दुकानात शिरले आणि पावशेर शेंगदाणा पेंड मागितली. दुकानदाराने जनावरं किती आहेत विचारलं. अप्पांनी माशांसाठी हवी आहे म्हणून सांगितलं, तर तो पुडी बांधता बांधता म्हणाला, "माशाला पेंड कावून? दूध देतो का मासा?" पैसे मात्र त्याने घेतले नाहीत. एवढ्याशा पेंडीचे काय घ्यायचे, असं त्याचं म्हणणं.

माजलगावात बसस्थानकाजवळ बाराशे रुपयांत दोन खाटांची स्वच्छ खोली मिळाली. खाली खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं आणि घशाला जाळ करणारा ठेचा. जेवून उन्हं कलल्यावर धरणावर गेलो.

मार्चमध्ये पाणी बरंच मागे हटलेलं असतं. उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी काकडी आणि कलिंगडं लावली होती, त्यातूनच पायवाट काढत काठापर्यंत जावं लागतं. तिथे जाणाऱ्यांसाठी एक सूचना: धरणात मासेमारीचा ठेका असतो, म्हणून काठी बाहेर काढायच्या आधी काठावरच्या लोकांना विचारा. आम्हाला सुमित्रा भेटली. तिशीची असेल. नवरा थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी टाकायला जातो, ही काठावर मासे निवडते. दिवाळीनंतर दोघं ऊसतोडीला जातात, आठवड्यापूर्वीच परतली होती. गळाला तिची हरकत नव्हती, फक्त जाळ्याच्या दोऱ्या तोडू नका, एवढं तिने बजावलं.

पहिल्या संध्याकाळचा हिशेब सरळ होता. मी मोठ्या हौसेने मागवलेली रबरी किड्यांची पाकिटं साफ फुकट गेली. एकाही माशाने त्यांना तोंड लावलं नाही. नुसती कणीक बारके मासेच ओरबाडून नेत होते. गांडुळाला दोन चिलाप्या लागल्या. आणि अप्पांनी कणकेत पेंड, ठेचलेला लसूण आणि चिमूटभर हिंग घालून मळलेला गोळा, त्याला सात. त्यांनी सातही मासे सुमित्राच्या टोपलीत टाकले आणि खोलीवर येईपर्यंत शीळ वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ईर्ष्येने त्यांच्यापासून लांब जाऊन बसले. तिथे गुडघाभर पाणी होतं, तळ दिसत होता. एका बाभळीच्या खुंटाजवळ पाण्यात चहाची भुकटी सांडावी तसा काळसर डाग होता. त्याच्या बाजूला दीड वीतभर चिलापी, जागची हलत नव्हती. मी गांडूळ तिच्यासमोर सोडलं. ती ढिम्म. पुन्हा सोडलं, तरी नाही. तिसऱ्या वेळी गळ त्या काळ्या डागातच पडला आणि ती अशी तुटून पडली की काठी माझ्या हातातून निसटता निसटता राहिली. तो डाग त्या क्षणी कुठे गेला, तिकडे माझं लक्षच नव्हतं. मी तिला ओढून काठावर आणली आणि अप्पांना हाक मारली. गांडूळच जिंकलं, हे त्यांना दाखवायचं होतं.

अप्पा पंचा घेऊन आले. गळ सोडवायला त्यांनी माशाचं तोंड दोन बोटांनी उघडलं आणि त्यातून पिल्लं बाहेर पडली.

दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगू कळत नाही. मोहरीएवढ्या डोळ्यांची, नखाएवढी, जिवंत पिल्लं अप्पांच्या तळहातावर, पंच्यावर, खाली गाळात सांडत होती. पाच-दहा नाही, सांडतच राहिली. मी मासे धरते, साफ करते, त्यांची आतडी काढते, मला कशाची शिसारी येत नाही. पण त्या वेळी मला काही सुचेना. मी नुसती उभी राहिले.

अप्पा मात्र गुडघ्यांवर बसले होते. बोट ओलं करून एकेक पिल्लू गाळातून उचलत होते. मी सुमित्राला हाक मारली. ती बादलीत धरणाचं पाणी घेऊन आली. तिने आधी गळ सोडवून मासा बादलीत सोडला, मग पंचा त्यात बुडवून झटकला. तिला यात नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तिला भूक न्हवती, ताई," ती म्हणाली. "तुमी तिच्या लेकरात गळ टाकला, म्हनून ती अंगावर आली. भ्याली की लेकरं आईच्या तोंडातच शिरत्यात."

अप्पा बादलीत बघत होते. म्हणाले, "चाळीस वर्षं मी चिलापीचा गळ काढतोय. उन्हाळ्यात तोंडातून काहीतरी सांडायचं. मी चिखल समजायचो."



सुमित्राला त्यांची दया आली असावी. तिने सांगितलं की ही जात फार वाईट, दुसऱ्या माशांची अंडी खाते, हिच्यापायी धरणातले आधीचे मासे कमी झाले, तेव्हा जिवाला लावून घेऊ नका. मग बादलीच्या काठावर हात ठेवून ती सहज बोलून गेली, "पर लेकरं काय सोडीत न्हाई. आमी बी तोडीला जाताना दोन्ही पोरी संगंच नेतो. ठिवायच्या कुनापाशी?"

बादलीतला मासा बराच वेळ नुसते कल्ले हलवत होता. ओठाला गळाची जखम होती. पिल्लं आधी विखुरली, मग हळूहळू तिच्या डोक्याभोवती जमली. आणि तिने तोंड उघडलं. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. पिल्लं एकामागून एक आत शिरली. ज्या तोंडात मी नुकताच गळ अडकवला होता, त्याच तोंडात. अप्पांनी बादली उचलली, चपलांसकट खुंटापर्यंत पाण्यात गेले आणि तिला अलगद सोडून आले. गाळात बरीच पिल्लं मेली होती, तीही त्यांनी ओंजळीत गोळा करून पाण्यात टाकली.

दुपारी सुमित्राने माशाचं कालवण केलं होतं. मी जेवले, खोटं कशाला सांगू, दोनदा वाढून घेतलं. अप्पांनी भाकरी आणि कांदा घेतला. तिने न विचारता त्यांच्या ताटातली कालवणाची वाटी उचलली आणि शेंगदाण्याची चटणी वाढली.

जेवण झाल्यावर आम्ही परत निघालो. घरी आल्यावर त्यांनी काठ्या, गळ, सगळं माळ्यावर टाकलं. मला धक्का बसला होता तो माशाचा. भीती आता वेगळीच वाटायला लागली. पुढचे दोन आठवडे आमचं बोलणं म्हणजे चहा झाला का, गोळी घेतली का, एवढंच. बोलायला असलेला एकमेव विषय मीच त्या तोंडातून ओढून बाहेर काढला होता.

आता ज्यांना आमिषाबद्दलच वाचायचं आहे त्यांच्यासाठी: अप्पा जिंकले. कणीक, पेंड, लसूण, हिंग. गोळा हरभऱ्याएवढा ठेवा, कमरेपेक्षा खोल पाण्यात टाका. गांडूळही चालतं, पण तेही खोल पाण्यातच. उन्हाळ्यात उथळ पाण्यात काळसर डाग हलताना दिसला तर काठी गुंडाळा आणि पुढे चला. तिथे हमखास मासा लागतो, म्हणूनच सांगते. मी इतकी वर्षं चावा म्हणजे भूक असं धरून चालले होते. चांगल्या आमिषाची तीच एक परीक्षा मला ठाऊक होती.

मागच्या रविवारी मी एकटीच पवना धरणावर निघाले होते, तर अप्पा चप्पल घालून दारात उभे. हातात काठी नव्हती. काठावर माझ्या शेजारी बसले, कपाळावर हात धरून पाणी निरखत राहिले. मी गळ फेकायला हात मागे घेतला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिकडे नको, तिकडे ती आहे, पिल्लांसकट. थोडं उजवीकडे टाक."

मला काहीच दिसत नव्हतं. मी उजवीकडे टाकला.