राखीव गोलकीपरची आई

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी देशातल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये खेळला. म्हणजे बसला. तो संघाचा राखीव गोलकीपर. नाशिकजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरात आम्ही प्रत्येक सामना टीव्हीवर पाहिला, आणि प्रत्येक सामन्यात तो बाकावर जेमतेम दोन सेकंद दिसला. तेवढ्यासाठी आई झेंडूची तोडणी अर्धवट टाकून यायची. एकही सामना न खेळता हंगाम संपला, तर पुढच्या वर्षी त्याला कुणी घेणार नव्हतं.

लोक देव पाण्यात ठेवतात ते बोलण्यापुरते. आईने खरोखर ठेवला. देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलून पातेल्यात बुडवला आणि बजावलं, "माझा पोरगा खेळला की काढीन." रोज पाणी बदलायची, तेवढीच सवलत.

दोन महिन्यांनी वडिलांनाच देवाची दया आली. ते म्हणाले, "अगं, गोलकीपर उगाच बदलत नाय. पहिल्याला काही झालं तरच ह्याचा नंबर."

आईचा चेहरा उतरला. "म्हंजे मी दुसरीच्या लेकराचं वाईट मागत व्हते?"

मला हसू आवरेना, आणि तिचा रागही आला. एकदा तरी स्वार्थी हो की बाई! पण ती पातेल्यापुढे बसून नवस दुरुस्त करू लागली. "पाय मोडू नको त्याचा. हातबी नको. नुसता ताप आण. तोबी एकच दिवस, आन् लय नको."

शेवटच्या सामन्याला भाऊ चक्क हातमोजे घालून मैदानात उतरला. पहिल्या गोलकीपरची तब्येत बिघडली आहे, असं समालोचकाने सांगितलं. आम्ही नाचलो. आईने आधी गणपती बाहेर काढून पुसला, मग टीव्हीसमोर बसली. भावाने तीन गोल खाल्ले आणि एक पेनल्टी अडवली.

सामना संपल्यावर त्याचा फोन आला. "आई, पेनल्टी पाहिली का?"

"ते राहू दे. त्या पोराचा ताप उतरला का?"

"कसला ताप? ठणठणीत हाय तो. मला एक तरी मॅच मिळावी म्हणून कोचसाहेबांना पोट दुखतंय म्हणाला."

पदराने डोळे पुसून आई म्हणाली, "त्याच्या आईचा नंबर दे."

"अगं, तिला मराठी नाय येत."

"मला तरी कुठं फुटबॉल येतंय? दे नंबर."