बारामतीतली फायनल

सातबारा इंदापूरचा आणि बाकी सगळं बारामतीचं, अशा पट्ट्यात माझं आयुष्य गेलं. भवानीनगरच्या पुढं कालव्याच्या फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. तहसील इंदापूर, पण बाजार बारामतीचा, दवाखाना बारामतीचा, पोरांचं कॉलेज बारामतीचं, आणि लग्नाचा बस्तासुद्धा बारामतीचाच. पुण्यात कुणी गाव विचारलं की आमच्यातले निम्मे लोक "बारामतीजवळ" म्हणून मोकळे होतात. मी कधी तसं म्हणालो नाही. मी ठासून "तालुका इंदापूर" म्हणायचो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही की मनातल्या मनात त्याला दोन शिव्या घालायचो.

एका गोष्टीत मात्र आम्ही बारामतीचं कधी ऐकलं नाही, ती म्हणजे कबड्डी. आमच्या संघात सातही गडी गावचेच. एक कारखान्यात कामाला, एक रोपवाटिकेत, एकाचं मेडिकल, एक ट्रॅक्टरवर, बाकीचे शेतात. इतर गावं हल्ली बाहेरचे खेळाडू आणतात. शेळगावच्या जत्रेत मी असा एक संघ बघितला होता. त्यांच्या कर्णधाराला गावातलं मंदिर कुठं आहे तेही ठाऊक नव्हतं. मी तिथंच मोठ्यानं म्हणालो होतो, "भाड्याचा बैल पळाला तर गुलाल कुणाच्या अंगावर टाकायचा?" भांडण होता होता राहिलं. तेव्हा माझा आवाज मोठा होता आणि अंगात रगही होती.

आमच्या गावाची बघायची एक रीत आहे. इतर गावचे लोक त्यांचा गडी चढाईला गेला की ओरडतात, शिट्ट्या मारतात. आम्ही गप्प बसतो. गडी मध्यरेषा ओलांडून गेला की आम्ही सगळे त्याच्याबरोबर दम धरतो, आणि तो परत येऊन रेषेला टेकला की मगच सोडतो. त्यानंतर जो काही आवाज होतो तो होतो. ही रीत कुणी पाडली ते माहीत नाही. माझ्या वडिलांचे वडीलही असंच बघायचे म्हणतात. लोक आम्हाला मुक्यांचं गाव म्हणून चिडवतात. एकदा निरवांगीला आमचे एक आबा दम धरून धरून चक्कर येऊन पडले, आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं तर, "आला का परत?"

दिवाळीच्या आधी माझी बायको गेली. बारामतीच्या दवाखान्यात गेली, आणि तिथून पुढचं सगळं मला धडपणे आठवतही नाही. तेरावं झाल्यावर मुलानं घराला कुलूप लावलं आणि मला बारामतीला त्याच्या फ्लॅटवर घेऊन आला. तो एमआयडीसीत नोकरीला आहे. शेत वाट्यानं दिलं. मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली आहे. मला कसलाच त्रास नव्हता, आणि हाच त्रास होता. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, मग आपल्याच गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं झालं होतं. जेवण जेवत होतो, चव कळत नव्हती. बायकोच्या फोटोला हार घालताना रडू येत नव्हतं. नातेवाईक फोन करून रडायचे आणि मी त्यांची समजूत घालायचो. सून एकदा दबक्या आवाजात मुलाला म्हणाली, "बाबा एकदाही रडले नाहीत हो." मला ते ऐकू आलं. तिचं बरोबरच होतं.

टीव्हीवर कबड्डी लागायची. मी बघायचो. कोण जिंकलं विचारलं तर सांगता यायचं नाही.

अशात एका सकाळी आमचा कर्णधार फ्लॅटवर आला. गावातल्या माझ्या शेजाऱ्याचा हा मुलगा, ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. लहानपणापासून आमच्याच अंगणात वाढलेला. बायकोच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता. चप्पल दाराबाहेर काढून तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला आणि म्हणाला, "तात्या, आपण फायनलला हाय."

"कुठं?"

"हितंच, बारामतीत. बारामतीच्याच संघाबरोबर. तुमी न्हाय म्हणायचं न्हाय."

एरवी ही बातमी ऐकून मी उठून उभा राहिलो असतो. बारामतीत जाऊन, त्यांच्याच मॅटवर, त्यांच्याच विरुद्ध फायनल! माझ्या उभ्या हयातीत असं झालं नव्हतं. मी "बरं" म्हणालो. चहाचा कप खाली ठेवताना तो म्हणाला, "तात्या, बरं हाय ना?" मी म्हणालो, बरं आहे.

तो गेल्यावर मी बराच वेळ विचार केला. जायचं ठरवलं ते हौसेनं नाही. मला एवढंच बघायचं होतं की माझ्या आत काही उरलंय का. ह्या संघासाठी मी पाव्हण्यांच्या लग्नातून जेवण सोडून उठून गेलो आहे. ताप अंगावर घेऊन जत्रांतून फिरलो आहे. फायनलला जाऊनही काही हललं नाही, तर माझं झालं. मग मुलगा म्हणतो तसं गावचं घर भाड्यानं द्यावं आणि गॅलरीतल्या खुर्चीवर बसून उरलेले दिवस काढावेत. त्याची भीतीही वाटत नव्हती. नुसतं समजून घ्यायचं होतं.

कबड्डीच्या फायनल रात्री दिव्यांच्या उजेडात होतात. ही दुपारी ठेवली होती, कारण बक्षीस द्यायला येणाऱ्या पुढाऱ्यांना रात्री दुसरीकडं हार घालून घ्यायला जायचं होतं. उन्हात निळी मॅट तापली होती. खेळाडू पाय भाजतात म्हणून नाचत होते. आमचे लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले होते, तालुक्याचं नाव लिहिलेला एक फळा घेऊन. त्यांनी मला पुढच्या रांगेत बसवलं. पाणी दिलं, टोपी दिली. सगळे माझ्याशी जरा हळूच बोलत होते. मला कुणी धक्का मारला नाही, कुणी चेष्टा केली नाही, त्यावरून मला कळलं की मी आता त्यांच्यातला राहिलेलो नाही.

सामना चांगला झाला. असं मी समजून म्हणतो. पहिल्या डावात त्यांनी आमच्यावर लोण चढवला, म्हणजे आमचे सगळे गडी बाद केले. दुसऱ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं दोन पकडी अशा केल्या की समालोचकाचा आवाज फाटला. बारामतीचे लोक छान ओरडत होते. शहराचा माणूस सुखानं ओरडतो. हरला तरी त्याचं शहर तिथंच असतं. आमचं तसं नाही. आम्ही हरलो की पुढचं वर्षभर बाजारात भाजी उतरवताना हमाल आठवण करून देतो. हे सगळं मला माहीत होतं. पाठ केलेल्या धड्यासारखं माहीत होतं.

शेवटची चढाई आमची होती आणि गुण बरोबरीत होते. कर्णधारानं मॅटला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेला. आमची सगळी बाजू गप्प झाली. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या आबांची छाती फुगून तशीच थांबली. उजवीकडच्याचे डोळे मिटले होते. आणि मी श्वास घेत होतो. सावकाश आत, सावकाश बाहेर, पंख्याखाली झोपलेल्या माणसासारखा. मी दम धरायचा प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. ओठ घट्ट मिटले. पण लगेच वाटलं, कशाला, आणि परत श्वास सुरू झाला.

तिकडं कर्णधारानं डाव्या कोपऱ्यातल्या गड्याला पायानं शिवलं. दोघं त्याच्या कमरेला पडले. त्यांना ओढत तो पालथा झाला आणि त्याची बोटं मध्यरेषेच्या अलीकडं आली. पंचांची शिट्टी झाली. मग आमच्या लोकांनी दम सोडला.

बारामतीत आम्ही बारामतीला हरवलं. माणसं माझ्या अंगावर पडत होती, गुलाल उडत होता, आबा लहान मुलासारखे रडत होते. माझ्याही तोंडात गुलाल गेला. मी रुमालानं जीभ पुसली. बघायचं होतं ते बघून झालं होतं. आत काही उरलेलं नव्हतं, आणि त्याचंही वाईट वाटलं नाही.

मी रिक्षा बघू लागलो, पण पोरांनी ऐकलं नाही. मला उचलूनच ट्रॉलीत बसवलं. ढाल माझ्या मांडीवर ठेवली. तिला नव्या पॉलिशचा वास येत होता. भवानीनगरमधून जाताना ट्रॅक्टरचा हॉर्न थांबला नाही. रस्त्याच्या कडेचे लोक हात करत होते आणि मी ढाल उचलून दाखवत होतो, कारण ज्याच्या मांडीवर ढाल त्यानं ती दाखवायची असते. तेराव्यानंतर मी गावाकडं आलो नव्हतो. फाट्यावरून आत वळलो तेव्हा दिवेलागण होत होती. वाट्यानं दिलेल्या शेतात टोमॅटोला काठ्या लागलेल्या दिसल्या. नीट लावल्या आहेत, एवढंच मनात आलं.

फाट्यावरून येताना गावातलं पहिलं घर आमचं. म्हणून संघ जिंकून आला की ढाल आधी आमच्या दारात थांबते. माझी बायको ताट घेऊन बाहेर यायची. कर्णधाराच्या पायावर पाणी घालायची, कपाळाला कुंकू लावायची, ओवाळायची, भाकरीचा तुकडा उतरवून लांब फेकायची, आणि मगच मिरवणूक मारुतीकडं जायची. एकही सामना तिनं कधी बघितला नाही. "मला कशाला त्या धक्काबुक्कीत," म्हणायची. पण ताट तयार असायचं.

ट्रॅक्टर आमच्या घरापाशी थांबला. कुणी सांगितलं नव्हतं, तो आपसूक थांबला. कर्णधार ट्रॉलीतून उडी मारून खाली उतरला, गुलालानं माखलेला, हसत, आणि दाराकडं तोंड करून नेहमीसारखा ओरडला, "ओ काकी! आणा की ताट!"

ट्रॉलीतली हलगी थांबली. मग कर्णधाराच्या लक्षात आलं. त्यानं दाराचं कुलूप बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि खाली पायरीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तात्या, चुकलं माझं," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला. कुणीतरी म्हणालं, "चला रं, मारुतीकडं चला."

"थांबा," मी म्हणालो. "ओवाळल्याशिवाय जायचं नाही."

हे मी का म्हणालो मला माहीत नाही. दारात खोळंबलेल्या माणसांचं काम उरकून त्यांना वाटेला लावावं, तेवढंच त्यात होतं. किल्ली माझ्या खिशातच असायची. ट्रॉलीतल्या एका बाईनं "मी करते तात्या, सरा" म्हटलं, पण मी आत गेलो. दिवा लावला. घरात कोंदट वास होता. ताट फळीवर सापडलं. निरांजन देवापाशी होतं. शेजारच्या सुनेनं पळत जाऊन घरून तेल-वात आणि भाकरीचा तुकडा आणला. कुंकू तेवढं सापडेना. देवघराचा खण बघितला. तिथं उदबत्त्या होत्या, कापूर होता. कोनाडा बघितला. बाहेर सगळी माणसं खोळंबली होती आणि मला वैताग यायला लागला. घरात कधी वस्तू जागेवर सापडेल तर शपथ. आणि मी एका हातात ताट धरून, स्वयंपाकघराच्या दाराकडं वळून, नेहमीच्याच चढ्या आवाजात ओरडलो, "अगं, कुंकू कुठं ठेवलंयस?"

आणि मी उत्तराची वाट बघत उभा राहिलो. खरोखरच वाट बघत होतो. ती हात पुसत बाहेर येईल, "डोळ्यासमोर असतं तरी दिसत न्हाय तुमाला" म्हणेल, आणि मला बाजूला सारून कुंकू काढून देईल, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. स्वयंपाकघरातून कुणी आलं नाही. तिथं अंधार होता.

ती गेली, हे मला तेव्हा कळलं. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, तेव्हा. माझ्या हातातून ताट पडलं. मी देवघरासमोर खाली बसलो आणि गुरासारखा हंबरडा फोडून रडलो, आणि दारात उभं असलेलं सगळं गाव ते ऐकत होतं.