गरम रस्त्याचे राखणदार

रस्ता वापरण्यासाठी असतो, हे ज्याला कधीच पटलं नाही असा एकच माणूस मी पाहिला, आणि त्या माणसाने जन्मभर रस्ते करण्याचंच काम केलं. ते म्हणजे आमचे मुकादम. दोन हजार चौदा साली मी डहाणूला रस्त्यांच्या खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो. पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी मला त्यांच्या हवाली करताना सांगितलं, "डांबर पुस्तकात शिकून आला असाल, आता यांच्याकडे शिका." मुकादम कासा गावाच्या पूर्वेकडच्या डोंगरातले. घरी थोडी भात-नागलीची शेती, अंगात खाकी शर्ट आणि पायात काहीच नाही. नवा रस्ता त्यांना नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा वाटे. त्यावर माणसांनी, बकऱ्यांनी आणि विशेषतः वाहनांनी यावं, हे ते केवळ नाइलाज म्हणून चालवून घेत. स्वतः ते आपण केलेल्या रस्त्यावरून कधी चालले नाहीत, कायम कडेच्या मातीच्या पट्टीवरून. पुतण्याच्या लग्नात त्यांनी अख्खी वरात वाजंत्र्यांसकट रस्त्याखाली उतरवली, कारण रस्ता "कालचाच" होता. नवरदेवाच्या बुटात खडी गेली आणि तो मांडवात लंगडत पोचला. मुकादमांना त्याचं काही वाटलं नाही. रस्त्यावर ओरखडा नव्हता, एवढं त्यांना पुरे होतं.

गोल खड्डा त्यांना बघवत नसे. खड्डा बुजवण्याआधी त्याच्या कडा छिन्नीने उभ्या कापायच्या, चौकोन करायचा, मग आत डांबर शिंपडून गरम डांबर-खडीचा माल भरायचा, हे तसं शास्त्राला धरूनच आहे. पण मुकादमांचा चौकोन थेट घरात पोचला होता. भाकरी हातात आली की तिच्या चारी कडा मोडून ते आधी चौकोन करत, कडा वेगळ्या खात, चौकोन वेगळा खात. मिशीच्या कडाही कापून उभ्या केलेल्या. "कड उभी नाय, तं माल धरून काय राहणार, सायेब?" असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा ते रस्त्याबद्दल बोलताहेत की मिशीबद्दल, हे मला कळलं नव्हतं. माल तपासायला खात्याने थर्मामीटर दिला होता, तो त्यांनी फडक्यात गुंडाळून घरी ठेवला होता. डंपर आला की ते मालावर थुंकत, चुर्र आवाज ऐकत आणि आकडा सांगत. मी चोरून पडताळून पाहिलं आहे. चार-पाच अंशांच्या वर ते कधी चुकले नाहीत.

रोलर फिरून गेल्यावर रस्ता कधी उघडायचा, हे मात्र त्यांचा पाय ठरवत असे. अनवाणी पाऊल नव्या थरावर ठेवायचं आणि टोळीतल्या बारा जणांची हजेरी तोंडपाठ म्हणायची. बारावं नाव येईपर्यंत पाऊल उचलावं लागलं नाही तर रस्ता खुला. मधेच चटका बसला तर पुन्हा दहा मिनिटं थांबायचं. बारावं नाव लखमीचं. लखमी ही टोळीतली सगळ्यात तोंडाळ बाई. घमेलं असं ओतायची की फावडं लावायची गरज पडू नये. टोळीतल्या बायका पायाला बारदान बांधून गरम मालावर उभ्या राहत, तरी तळवे काळे ते काळेच, रॉकेलने घासले तरी तसेच. मुकादम तिला दिवसातून दहा वेळा ओरडायचे. त्यांचा जीव होता तिच्यावर. हे तिलाही ठाऊक होतं, म्हणूनच ती उलट उत्तर द्यायची.

त्यांच्या हातातला लाल झेंडा बायकोच्या जुन्या लुगड्याचा. तो आडवा झाला की तालुक्यात कोणाचंही काही चालत नसे. एकदा एका बड्या अधिकाऱ्याची गाडी त्यांनी पाऊण तास उन्हात उभी केली. साहेब खाली उतरून तापले, मी कोण आहे माहीत आहे का, वगैरे झालं. मुकादम अदबीने म्हणाले, "सायेब, तुमी गरम झालेत खरं, पण रस्ता तुमच्यापेक्षा गरम हाय." साहेब आधी लाल झाले, मग हसले, मग झाडाखाली बसून त्यांनी आमच्या डब्यातलं लोणचं खाल्लं.

फसले ते एकदाच. सोळा सालचा उन्हाळा होता. आम्ही कासाकडून डोंगरातल्या पाड्यांकडे जाणारा अरुंद रस्ता करत होतो. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला खडीचे ढीग, त्यामुळे थर पडला की गाड्यांनी थांबायचं, दुसरा इलाज नव्हता. एक वऱ्हाडाची जीप आली. नवरदेवाचा मामा आडवा पडलेला, कपाळावर ओलं फडकं, तोंडाने "आई गं" चाललेलं. पेशंट म्हटल्यावर मुकादम विरघळले, झेंडा खाली केला. शंभर पावलं पुढे जाऊन मामा जीपमधून उतरला आणि आमच्याकडे बघत नाचला. सगळी टोळी पोट धरून हसली, लखमीने तर पुढचे आठ दिवस त्या मामाची कण्हण्यासकट नक्कल केली. पण ताज्या थरावर चाकांच्या दोन चाकोऱ्या उमटल्या होत्या आणि पाहणीच्या दिवशी त्यावरून मला सगळ्यांसमोर बोलणी बसली. मी तरुण होतो, नोकरी नवी होती. तो राग मी मुकादमांवर काढला. "यापुढे कोणी पेशंट म्हणो, मयत म्हणो, गरम थरावर चाक लागता कामा नये. हा माझा हुकूम समजा," असं मी टोळीसमोर म्हणालो. मुकादम "बरं सायेब" म्हणाले आणि झेंड्याची घडी करत राहिले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांची गोष्ट. ऊन असं होतं की रोलरच्या लोखंडाला हात लागत नव्हता. त्या सकाळी हजेरीत लखमी आली नाही. मुकादमांनी सकाळपासून तिच्या नावाने शंख केला. महाराणी झोपल्या असतील, महाराणींना ऊन लागतं, असं बरंच काही. दुपारी पाड्यांकडून एक भाड्याची जीप आली, माणसांनी भरलेली. ड्रायव्हर ओरडला, "मुकादम, सोडा, पेशंट हाय. जनावर चावलंय."

"मागच्या खेपेलाही पेशंटच व्हता," मुकादम म्हणाले. "नाचला तो."

टोळी हसली. मीही हसलो. तरी मुकादमांनी झाडाखाली बसलेल्या माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, हे मला अजून आठवतं.

ते थरावर पाऊल ठेवून नावं घेऊ लागले. सातव्या नावाला पाऊल उचललं. दहा मिनिटांनी पुन्हा ठेवलं. या वेळी अकरा नावं झाली, बाराव्याला ते "आणि ही आमची महाराणी" असं काहीतरी पुटपुटले आणि चटका बसून मागे आले. जीपमधली माणसं आता खाली उतरून आरडाओरडा करत होती. त्यांना मागे सारायला मुकादम जीपच्या मागच्या बाजूला गेले. आत जागा नव्हती म्हणून पेशंटचे पाय मागून बाहेर आले होते. तळवे काळे होते, डांबराचे.

"लखमे," मुकादम म्हणाले. तिने उत्तर दिलं नाही. तिने उत्तर न देण्याची ती पहिलीच वेळ.

पुढे रोलर रस्ता अडवून उभा होता आणि त्याच्या आवाजात रोलरच्या ड्रायव्हरला हाका ऐकू जात नव्हत्या. जन्मभर कडेने चाललेला तो माणूस रस्त्याच्या मधोमध धावत सुटला, अनवाणी, गरम थरावरून, झेंडा फिरवत, आणि त्यांच्या मागे जीप. रोलर बाजूला झाला, जीप गेली. मुकादम तिथेच खाली बसले. मी पोचलो तेव्हा त्यांच्या तळव्यांची सालं निघाली होती आणि ते बारा नावं पुन्हा पुन्हा म्हणत होते.

लखमी कासाच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली. घरी सरपण काढताना हाताला साप चावला होता. अर्धा तास आधी पोचली असती तर, असं मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. काही दिवस मी या तीन शब्दांना धरून काढतो, काही दिवस ते उपयोगी पडत नाहीत.

चौकशी झाली, पण ती चाकोऱ्यांची. गरम थरावर वाहन कोणी सोडलं, असा प्रश्न होता. मुकादम पायांना पट्ट्या बांधून साहेबांसमोर उभे राहिले. "आधी मीच अडवली, मग मीच सोडली. हे सायेब झाडाखाली व्हते, त्यांना काय म्हाईत," ते म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. मी काही बोललो नाही. माझी भीती खूप मोठी होती आणि मी खूप लहान होतो. हुकूम कोणाचा होता हे मुकादमांनी त्यानंतरही कधी कोणाला सांगितलं नाही. मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.

बिघडलेला तुकडा त्यांनी स्वतः डांबराच्या पिंपावर बसून टोळीकडून कापून घेतला, चाकोऱ्या आणि पावलं धरून एकच मोठा चौकोन, आणि भरला. त्यांच्या तळव्यांना पुढे गरम-थंड काही कळेनासं झालं. घरातून त्यांनी तो थर्मामीटर आणला आणि निवृत्त होईपर्यंत त्यावरच काम केलं. हजेरी अकरा नावांवर थांबायची, बारावं माणूस टोळीत आलं तरी.

निवृत्तीनंतर ते रोज त्या चौकोनाजवळच्या वळणावर येऊन बसू लागले. हातात तोच झेंडा. जीप दिसली की उठायचं, हात करायचा आणि विचारायचं, "आत कोण हाय?" ड्रायव्हरांनाही आता सवय झाली होती. वेग कमी करून ते सांगत, बाजारची माणसं हायत बाबा, कोंबड्या हायत बाबा, नवरी हाय बाबा. पेशंट म्हटलं की बाबा झेंडा घेऊन पुढे पळायचे, रस्ता रिकामा असला तरी.

एकोणीस साली माझी बदली झाली. जाण्याआधी मी मोटरसायकलने तिकडे गेलो, त्यांच्यापाशी सगळं बोलायचं असं ठरवून. ते उठले.

"आत कोण हाय?"

"मी आहे, मुकादम. एकटाच."

त्यांनी माझ्या मागची रिकामी सीट नीट बघितली, हाताने चाचपली. मी विचारलं, पाय कसे आहेत. "हायत," ते म्हणाले. जे बोलायला गेलो होतो ते सोडून मी गाडीचा आरसा पुसत बसलो. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जावा सायेब. बेस जावा."

पुढे तो चौकोन होता, आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा थोडा काळा, चारी कडा अजून उभ्या. मी गाडी बंद केली, खाली उतरलो आणि ती ढकलत कडेच्या मातीवरून नेली.