मधुकर सरांचा दुसरा शेरा

मधुकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून बसलो होतो. परभणीत आमच्या कारखान्यात शेतातल्या मोटारींचे कंट्रोलर तयार होतात. त्यांच्या कोडमधली माझी दुरुस्ती सरांनी आदल्याच दिवशी दुसऱ्यांदा परत पाठवली होती. त्यांना काय उत्तर लिहावं याचा विचार चालला होता... तो अर्धवटच राहिला.

सर पोखर्णीचे, तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले. आठवड्यातून दोनदा एसटीनं येऊन आमचा कोड तपासायचे. त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. ज्यानं कोड लिहिला त्यानंच ओळ न् ओळ साध्या मराठीत मोठ्यानं सांगायची. माझी दुरुस्ती बूटलोडरमधली, म्हणजे वीज येताच सगळ्यात आधी जागा होणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधली. तो फ्लॅश मेमरीत साठवलेली सेटिंग्ज वाचतो, म्हणजे विहीर कोरडी पडली की मोटार बंद करायची वगैरे. मेमरीच सापडली नाही तर हाती रिकामा पत्ता येतो, ज्याला आम्ही नल पॉइंटर म्हणतो, आणि तिथे वाचायला गेलं की कंट्रोलर जागच्या जागी अडकतो. मी आधी पत्ता तपासणारी ओळ घातली आणि स्वतःवर खूश होतो. सरांपुढे सांगायला लागलो, पत्ता रिकामा असेल तर... सगळं ठीक आहे असं कळवून परत ये. पुढे माझी जीभ रेटेना. सर शांतपणे म्हणाले, "न्हाई तर न्हाई म्हनावं की. खोटं कशापायी बोलायचं?"

ती ओळ मी सुधारली. दुसरा शेरा त्याच्या पुढचा होता. वाचताना 'नाही' असं उत्तर आलं की बूटलोडर कंट्रोलर नवा समजून सेटिंग्ज नव्यानं लिहायला जातो, आणि तिथे पत्ता रिकामा असला तरी पुन्हा 'ठीक' असंच कळवलं जात होतं. म्हणजे काहीही न साठवता हिरवा दिवा लागणार, शेतकरी निर्धास्त घरी जाणार आणि कोरड्या विहिरीवर मोटार फिरून फिरून जळणार. कारखान्याच्या साहेबांना माल पाठवायची घाई होती. माणूसच राहिला नाही, आता तो शेरा काढून टाका, असं ते म्हणाले. मला संताप आला, आजही येतो. सर गेले म्हणून त्यांनी दाखवलेली चूक दुरुस्त होत नाही. मी काढणार नाही म्हणालो. नोकरी गेली असती तरी काढला नसता.

दुसऱ्या दिवशी मेमरी काढलेला कंट्रोलर मी साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांनाच बटण दाबायला लावलं. हिरवा दिवा लागला. साहेबांनी माल थांबवला.

चार दिवसांनी पुरी दुरुस्ती घालून तोच कंट्रोलर पुन्हा सुरू केला. लाल दिवा लागला, मोटारीला वीज गेली नाही. मला हुंदका आवरेना. साहेब घाबरले, आता काय बिघडलं म्हणून विचारू लागले.

"बिघडलं न्हाई, साहेब," मी म्हणालो. "आता खरं बोलायलंय ते."